आधीं अंगणांत, मग डोंगरांत

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत चकलीची भाजणी दळून आली, म्हणजे आमच्या वहिनी एक नियम कटाक्षानें पाळतात. सगळें पीठ त्या एकदम भिजवीत नाहींत. आधीं वाटीभर पीठ घ्यावयाचें, त्यांत मोहन घालावयाचें, दोनच चकल्या पाडून तळावयाच्या, आणि मग थांबावयाचें. चकली तेलांत विरघळली तर मोहन अधिक झालें. दांताला कडक लागली तर कमी पडलें. दोन चकल्या बिघडल्या तर कोणाचें कांहीं अडत नाहीं. सबंध डबा बिघडला तर मात्र दिवाळी बिघडते. मी आयुष्यभर महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें. परंतु प्रयोग कशासाठीं करावयाचा, हें इतक्या सुटसुटीतपणें माझ्या विद्यार्थ्यांना मला कधीं सांगतां आलें नाहीं.

या नियमाची आज आठवण होण्याचें कारण असें कीं, गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक मोठा वाद झाला, आणि त्याचा निकाल याच नियमानें लागला. वाद फराळाचा नव्हता, बर्फाचा होता.

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें नॉर्वे देशांत, ऑस्लो शहरीं राहत आहे. तिकडे हिंवाळ्यांत माणसें घरांत दडून बसत नाहींत. पायांना स्की नांवाच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधून लहानथोर सारे बर्फांतून हिंडावयास निघतात. आमचा मुलगाही ती विद्या शिकला. गेल्या वर्षीं पौष महिन्यांत त्याचें पत्र आलें. पत्र म्हणजे अर्थात् संगणकावरून क्षणांत येणारा मजकूर. परंतु तो लांबलचक लिहितो, म्हणून आम्ही त्याला पत्रच म्हणतों. ईस्टरच्या सुट्टींत तो आणि त्याचे तीन मित्र हार्डांगरविड्डा नांवाच्या विस्तीर्ण पठारावर जाणार. पांच दिवस स्कीवरून चालणार, सारें सामान स्वतःच वाहणार, आणि रात्रीं बर्फांतच तंबू ठोकून राहणार, असा बेत त्यानें कळविला होता. सोबत खरेदीची यादी होती. पिसांचा कोट, वारा अडविणारें जाकीट, बूट, झोपेची पिशवी, स्टोव्ह, गॉगल, तीन तऱ्हांचे हातमोजे. रुखवताची यादी वाचून दाखवावी तशा उत्साहानें त्यानें ती लिहिली होती. सारें कोरें करकरीत, आणि सारें उत्तमांतलें उत्तम.

वहिनींनीं यादी शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढून ठेवला आणि त्या म्हणाल्या, “जायचें नाहीं.”

दादांचें म्हणणें निराळें पडलें. “अग, तीस वर्षांचा झाला तो. त्यानें आधीं कळवलें हेंच खूप. नाहीं म्हटलेंस तर पुढच्या वेळीं कळवणार नाहीं, एवढेंच.”

दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनी ती यादी घेऊन माझ्यापुढें येऊन बसल्या. “भावजी, तुम्हीं आयुष्यभर सायन्स शिकवलेंत. मला एवढेंच सांगा. हे कपडे माझ्या मुलाला राखतील का?”

प्रश्न अगदीं सरळ होता, आणि मला त्याचें उत्तर देतां येईना. कोटाची किंमत सांगतां येते. त्यांत पिसें किती, तें सांगतां येतें. किती थंडीसाठीं तो शिवला आहे, हें कारखानदार चिठ्ठीवर छापूनही देतो. परंतु हा कोट या मुलाच्या घामानें भिजल्यावर कसा वागेल, आणि त्याच्या बधिर झालेल्या बोटांना त्याची सांखळी ओढतां येईल कीं नाहीं, हें कोणत्याच चिठ्ठीवर छापलेलें नसतें. “उद्यां सांगतों,” एवढेंच म्हणून मी उठलों.

त्या रात्रीं मला एका गृहस्थांची आठवण झाली. पुण्याच्या पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. १९५२ पासून १९५७ पर्यंत जॉर्ज इंगल फिंच हे तिचे संचालक होते. ते मोठे रसायनशास्त्रज्ञ आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य. परंतु पुण्यास येण्यापूर्वीं तीस वर्षें, १९२२ सालीं, हेच फिंच एव्हरेस्टच्या उत्तर अंगाला बर्फांत उभे होते.

त्या वर्षींच्या मोहिमेंत बहुतेक मंडळी लोंकरीचे सदरे, रेशमी अंतर्वस्त्रें आणि जाड ट्वीडचे कोट अशा पोषाखांत होती. फिंच यांनीं स्वतःसाठीं निराळाच कोट करून घेतला होता. आकाशांत उडणाऱ्या मोठ्या फुग्यांसाठीं जें दाट कापड वापरीत, तें बाहेरून. आणि आंत, दुलईंत कापूस भरावा त्याप्रमाणें, आयडर जातीच्या बदकांचीं मऊ पिसें. हा अवतार पाहून सोबती हंसले. पुढें थंडी हाडांपर्यंत पोंचूं लागली तेव्हां हंसणें थांबलें, आणि हंसणारांना त्या कोटाचा हेवा वाटूं लागला. आज बाजारांत मिळणारे पिसांचे कोट याच जातीचे आहेत.

फिंच यांच्या कोटापेक्षांही त्यांची पद्धति मला अधिक मोलाची वाटते. प्राणवायूचीं नळकांडीं पाठीवर घेऊन चढण्याची त्यांची कल्पना होती. ती त्यांनीं इंग्लंडांतच, हवा विरळ करतां येते अशा बंद खोलींत, स्वतःवर आजमावून पाहिली. मोहिमेच्या वाटेवर ते सोबत्यांकडून त्या उपकरणांची कवाईत करून घेत. बरोबर आणलेल्या मुखवट्यांनीं श्वास कोंडूं लागला, तेव्हां त्यांनीं कांचेची नळी आणि खेळण्यांतल्या चेंडूचा रबरी फुगा जोडून तेथल्या तेथें नवी रचना तयार केली. मे महिन्याच्या अखेरीस ते जेफ्री ब्रूस या सोबत्यासह, वादळांत फडफडणाऱ्या एका लहानशा तंबूंत, सुमारें २५,५०० फुटांवर दोन रात्री राहिले. २७ मे रोजीं ते दोघे सुमारें २७,३०० फुटांवर पोंचले. तोंपर्यंत कोणीही माणूस इतका उंच चढला नव्हता. आणि तेथें ब्रूस यांच्या उपकरणाची कांचेची नळी फुटली. फिंच यांनीं आपला प्राणवायु त्यांना दिला, नळी दुरुस्त केली, सोबत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलें. आणि पुढें गेल्यास दोघेही जिवंत परतणार नाहींत असा हिशेब करून ते मागें वळले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी नकाशावर हार्डांगरविड्डा शोधून काढलें, तों आणखी एक ओळखीचें नांव समोर आलें. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोंचणारा रोआल्ड आमुंडसेन तरुणपणीं याच पठारावर मरतां मरतां वांचला होता. १८९६ च्या जानेवारींत तो आणि त्याचा भाऊ तेथें वाट चुकले. एका रात्रीं आमुंडसेन बर्फांत बीळ खणून झोपेच्या पिशवींत शिरला. रात्रीं ओलसर हिम पडलें, मग तें गोठलें, आणि सकाळीं त्याला हातपायही हलवितां येईनात. भावानें तासन् तास खणून त्याला बाहेर काढलें.

हा धडा तो विसरला नाहीं. १९११ सालीं दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत त्यानें व त्याच्या मंडळींनीं सबंध काळोखा हिंवाळा सामान सुधारण्यांत घालविला. सुमारें ७५ किलो वजनाच्या घसरगाड्या रंधा मारमारून सुमारें २२ किलोंवर आणल्या. बूट पुनःपुन्हां उसवून शिवले. तरीही ८ सप्टेंबरला घाईनें प्रस्थान ठेवलें, तेव्हां शून्याखालीं ५६ अंशांच्या थंडींत होकायंत्रांतला द्रव गोठला, आणि कडक बुटांत कित्येकांच्या टांचा हिमदंशानें गेल्यासारख्या झाल्या. ते सारे परत फिरले. बूट आणखी सैल केले, आणि ऑक्टोबरांत पुन्हा निघाले. १४ डिसेंबर १९११ रोजीं ते ध्रुवावर होते. तो सप्टेंबरांतला माघारीचा प्रवास झाला नसता, तर डिसेंबरांतलें यश त्यांना लाभलें असतें कीं काय, याची मला शंका आहे.

हें सारें मी दुपारच्या चहाच्या वेळीं वहिनींना सांगितलें, आणि शेवटीं म्हटलें, “कपडे राखतील कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. पण त्यानें पहिला घाणा तळून बघितला आहे का, एवढें आपण विचारूं शकतों.”

चार दिवसांत वहिनी प्रथमच हंसल्या. “मग तसें लिहा. ईस्टरला अजून अडीच महिने आहेत.”

पत्रांत मी चार अटी घातल्या. पहिली, प्रत्येक नवी वस्तु आधीं अशा ठिकाणीं वापरावी कीं, जेथून तासाभरांत घरीं परततां येईल. दुसरी, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हें कळत नाहीं. तिसरी, जें घडलें तें त्याच संध्याकाळीं वहींत लिहावें. चौथी, जी वस्तु घराजवळ फसली ती दुरुस्त होऊन पुन्हा पारखली जाईपर्यंत डोंगरावर न्यावयाची नाहीं. पांचवी अट वहिनींनीं घातली: वहीची प्रत दर आठवड्यास आईला पाठवावी.

ऑस्लो शहराच्या पाठीशींच नोर्डमार्का नांवाचें मोठें अरण्य आहे. शहरांतली आगगाडी त्याच्या कडेपर्यंत जाते, आणि हिंवाळ्यांत तिच्या डब्यांतून स्की घेतलेल्या माणसांची रीघ लागलेली असते. हेंच आमच्या मुलाचें अंगण ठरलें. तेथून आलेल्या वहीच्या पानांतील कांहीं गोष्टी, वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून, येथें देतों.

पहिल्या रविवारीं तो पिसांचा कोट चढवूनच टेकडी चढूं लागला. अर्ध्या तासांत आंतून घामानें चिंब झाला, आणि विसाव्याला थांबतांच त्याला हुडहुडी भरली. ऊब देतें तें कापड नव्हे. कापडांत अडकलेली निश्चल हवा ऊब राखते. त्या हवेची जागा पाण्यानें घेतली कीं उष्णता निसटूं लागते, कारण पाणी हवेच्या सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. पिसें भिजलीं तर गोळा होऊन बसतात, आणि कोट नुसता भार होतो. म्हणजे बर्फांतली घातक थंडी पुष्कळदां बाहेरून येतच नाहीं. ती आपल्याच घामाच्या वाटेनें येते. पुढच्या रविवारीं तो अंगांत पातळ लोंकरी सदरा आणि वर वारा अडविणारें जाकीट घालून, किंचित् कुडकुडतच निघाला. पिसांचा कोट पाठीवरच्या पिशवींत ठेवला, आणि थांबल्यावरच बाहेर काढला. त्या दिवशीं अंग कोरडें राहिलें.

याच पानावर आणखी एक ओळ होती. वहिनींनीं मोठ्या मायेनें पाठविलेल्या सुती बनियनी या कामीं सर्वांत वाईट ठरल्या. सूत घाम शोषून घेतें आणि सोडीत नाहीं. मी ती ओळ वाचतांना जरा अडखळलों. वहिनी शांतपणें म्हणाल्या, “खरें लिहिलेंन्, हें बरें केलेंन्.”

बुटांची कथा आमुंडसेनच्या वळणावरच गेली. दुकानांत पातळ मोज्यावर बरोबर बसलेला बूट दोन जाड मोज्यांवर आवळूं लागला, आणि तासाभरांत बोटें बधिर झालीं. पायांत रक्त खेळलें नाहीं तर कितीही जाड मोजा निरुपयोगी. त्याला एक माप मोठा बूट घ्यावा लागला. आणि तोही दहा-बारा दिवस घरांत, जिन्यावर व रस्त्यावर वापरल्यावरच पायाला रुळला. नवी वहाण घालून वारीला निघूं नये, असें आपल्याकडे जुनीं माणसें सांगत, तें कांहीं उगीच नव्हे.

स्की आणि रुंद जाळीदार बर्फाचे जोडे, म्हणजे स्नोशू, या दोहोंचीही त्यानें तुलना केली. दोन्हींचें तत्त्व एकच: अंगाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरला कीं पाऊल बर्फांत खोल रुतत नाहीं. स्नोशू घालून चालणें एका सकाळींत जमतें, दाट झाडींतून वळणेंही सोपें जातें. परंतु लांबच्या मजलेस तीं जड पडतात, आणि उतारावर तीं घसरण्याचा लाभ देत नाहींत. स्की शिकावयास महिने लागतात, पण मोकळ्या पठारावर त्यांना तोड नाहीं. चढावर स्की मागें घसरूं नये म्हणून तिच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवितात. पूर्वीं ती सीलच्या कातड्याची असे. आज बकऱ्याच्या केसांची किंवा नायलॉनची असते. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे फिरविला तर सहज सरकतो, उलट फिरविला तर केस अडवितात. ही पट्टी तशीच वागते. तिच्या डिंकाला हिम लागलें कीं ती चिकटेनाशी होते, हें आमच्या मुलाला तिसऱ्या फेरींत कळलें. तेव्हांपासून ती काढली कीं तो जाकिटाच्या आंत, छातीशीं ठेवतो.

लहान गोष्टींनीं तर वहीचीं कित्येक पानें भरलीं. जाड हातमोजे घालून तंबूची सांखळी ओढतां येईना, म्हणून त्यानें प्रत्येक सांखळीला दोरीचा फांस बांधला. पाण्याची बाटली उभी ठेवली तर बर्फ वरून, तोंडाशीं धरूं लागतें. म्हणून ती उलटी ठेवावी. गॉगल घामेजल्या कपाळावर चढवून ठेवला कीं त्याच्या कांचा धुरकट होऊन गोठतात. आणि गॉगलाशिवाय तर फिरतां येत नाहीं, कारण ताजें हिम सूर्याचे अतिनील किरण बहुतेक सारे परत फेकतें व डोळे भाजून निघतात. साध्या ब्यूटेन वायूची टाकी शून्य अंशाच्या आसपास मंदावते, म्हणून द्रव इंधनाचा स्टोव्ह बरा. तो बर्फावर तसाच ठेवला तर स्वतःच्या उष्णतेनें खालीं खड्डा करून कलंडतो. त्याच्याखालीं फळी हवी. “म्हणजे पाट,” वहिनी म्हणाल्या. आणि बंद तंबूंत तो कधींही पेटवूं नये. त्यांतून निघणारा विषारी वायु वास न देतां प्राण घेतो.

फेब्रुवारींत त्यानें एक सबंध रात्र अरण्यांत काढली. झोपेची पिशवी उत्तम होती, पण पाठ रात्रभर गारठली. अंगाच्या भारानें खालचीं पिसें चेपतात, त्यांतली हवा निघून जाते, आणि थंडी जमिनींतून वर येते. दुसऱ्या रात्रीं एकाऐवजीं दोन चटया घातल्या, आणि तो सकाळपर्यंत झोपला. किंमत पाहिली तर दुसरी चटई त्या सबंध यादींत सर्वांत स्वस्त होती.

एका उपकरणाविषयीं मात्र मला वहिनींपाशीं कांहीं लपवितां आलें नाहीं. डोंगरउतारावरून बर्फाचे थर एकाएकीं निसटून कोसळतात. त्यांत गाडल्या गेलेल्या माणसाचा शोध लागावा म्हणून हे लोक अंगावर बीकन नांवाचें लहान यंत्र बांधतात. तें ठराविक लहरींवर सतत संदेश पाठवितें, आणि वरचे सोबती आपल्या यंत्रानें तो ऐकून, लांब सळईनें टोंचून व फावड्यानें खणून त्याला बाहेर काढतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलें तर जगण्याची आशा चांगली. पुढें ती झपाट्यानें उतरते. म्हणून हीं तीन साधनें प्रत्येकाजवळ हवींत, आणि त्यांची कवाईत आधीं झालेली हवी. चौघांनीं एक यंत्र पोत्यांत घालून बर्फांत पुरलें आणि शोधून पाहिलें. पहिल्या दिवशीं त्यांना वीस मिनिटें लागलीं. चौथ्या दिवशीं सहा लागलीं.

“पण तो बर्फ कोसळूंच नये, असें कांहीं यंत्र नाहीं का?” वहिनींनीं विचारलें. तसें यंत्र नाहीं. फिंच ज्या मोहिमेंत होते, त्याच मोहिमेंत ७ जून १९२२ रोजीं, नवें हिम पडून गेल्यावर, पुन्हा वर जाण्याच्या प्रयत्नांत हिमस्खलन झालें आणि सात भारवाहक प्राणांस मुकले. कोट कितीही उबदार असो, तेथें तो उपयोगीं पडत नाहीं. उतार कोणता, हिम केव्हां पडलें, आज जावें कीं न जावें, हें माणसानेंच ठरवावें लागतें. त्याच्या वहींत मी फक्त एवढीच ओळ वाढविली: ‘बीकन आहे म्हणून एखाद्या उतारावर जाण्याचें धैर्य होत असेल, तर त्या उतारावर जाऊं नये.’

मार्चच्या अखेरीस वहिनींनीं ती वही पुन्हा पहिल्यापासून वाचून काढली आणि त्या म्हणाल्या, “जाऊं द्या त्याला.”

ईस्टरच्या सुट्टींत चौघे आगगाडीनें फिन्से स्टेशनावर उतरले. हें ठिकाण १,२२२ मीटर उंचीवर आहे. तेथवर मोटारीचा रस्ताच नाहीं. पहिला दिवस निरभ्र गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटला. उष्णतामापकावर शून्याखालीं दहाच अंश होते. पण ताशीं चाळीस किलोमीटर वाऱ्यांत ते उघड्या कातडीला शून्याखालीं एकवीस अंशांसारखे लागतात. त्यांतच एका मित्राच्या टांचा सोलून निघाल्याचें उघडकीस आलें. आपल्या जुन्या बुटांऐवजीं त्यानें आदल्याच आठवड्यांत नवे घेतले होते, आणि ते एकदांही वापरून पाहिले नव्हते. जरा कळ काढूं, उद्यां वारा पडेल, असें दोघांचें मत पडलें. इतक्या तयारीनंतर परतावयाचें म्हणजे हंसें होईल, असेंही एक जण म्हणाला. आमच्या मुलानें टांचा पाहिल्या, वही काढली, आणि तो म्हणाला, “पारखलेली नसलेली वस्तु बरोबर न्यायची नाहीं, असें ठरलें होतें. ती आलीच आहे, तर आतां आपण तिच्यासह परत जाऊं.”

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं फिन्सेहून त्याचा दूरध्वनि आला. आवाज पडलेला होता. “काका, आम्ही अर्ध्यांतूनच परत आलों.”

मी कांहीं म्हणण्यापूर्वींच वहिनींनीं यंत्र माझ्या हातांतून घेतलें. “सगळे परत आलांत ना? चौघेही?” इकडे आमच्या दिवाणखान्यांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या म्हणाल्या, “त्या मुलाच्या टांचांना आधीं औषध लाव.”

मागाहून मला समजलें कीं, नॉर्वेंतल्या लोकांनीं डोंगरांत जाणारांसाठीं कांहीं नियम करून ठेवले आहेत, आणि ते शाळकरी मुलांनाही पाठ असतात. वेळेवर मागें वळावें, वळण्यांत लाज नाहीं, असा त्यांत एक नियम आहे. ज्या देशानें नान्सेन आणि आमुंडसेन दिले, त्या देशानें हा नियम करावा, यांत मला मोठें शहाणपण दिसतें.

आमच्या वाचकांच्या घरांतलीं मुलेंमुलीही आतां डिसेंबर-जानेवारींत उत्तराखंडांत किंवा हिमाचलांत बर्फांतून चालावयास जातात. त्यांना अडवूं नये, असेंच माझें मत आहे. परंतु निघण्यापूर्वीं महिनाभर घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं कांहीं गोष्टी पाहाव्या. बूट नवे असतील तर तेच घालून, पाठीवर तेवढाच भार घेऊन, सिंहगड तीन-चार वेळां चढवावा. तंबू गच्चीवर, हातमोजे घालून, दिवे मालवून उभा करावयास लावावा. सुती कपडे पिशवींतून काढावे. कोट तेथें भाड्यानें मिळणार असेल तर त्याची सांखळी, टोपी व बाह्या गांवांतच तपासाव्या. वर गेल्यावर बदलून मिळत नाहीं. पुण्यामुंबईच्या हवेंत थंडीची परीक्षा होत नाहीं, हें खरें. म्हणून तिकडे पोंचल्यावर पहिला दिवस मुक्कामाच्या आसपास हिंडण्यांत घालवावा, आणि सारें सामान एकदां बर्फांत वापरून मगच पुढें जावें. आणि परत फिरून येणाऱ्या मुलाची घरांत कोणी थट्टा करणार नाहीं, हें त्याला निघतांनाच सांगून ठेवावें. हें सांगावयास पैसा पडत नाहीं. पण वाऱ्यांत उभें राहून निर्णय घेतांना तें त्याच्या उपयोगीं पडतें.

यंदा ते चौघे पुन्हा फिन्सेला जाणार आहेत. त्याची यादी परवां आली. तींत या वेळीं एकच नवी वस्तु आहे, एका मित्राचा स्टोव्ह. वहिनींनीं कागदावर त्याच्यापुढें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहून ठेवलें आहे: ‘पहिला घाणा झाला का?’ उत्तर अजून यावयाचें आहे.